ऋतू, सण आणि मुलांची स्पीच थेरपी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आई-बाबा, अंगणवाडीताई, बालवाडीच्या शिक्षिका आणि नुकतंच काम सुरू केलेले थेरपिस्ट यांच्याकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी ठेवली आहेत. काही उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत. तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ऋतूनुसार थेरपी म्हणजे नक्की काय करायचं?

बाहेर जे चाललंय ते खोलीत आणायचं. जुलैमध्ये छत्री, चिखल, बेडूक. जानेवारीत पतंग, बोरं, ऊस. मे महिन्यात आंबा, माठ, पंखा. मुलाने काय शिकायचं हे मात्र आधीच ठरलेलं असतं: 'क'चा उच्चार, दोन शब्द जोडणं, प्रश्न विचारणं, गोष्ट क्रमाने सांगणं. ऋतू त्याला लागणारं सामान पुरवतो.

याचा फायदा सेशनच्या बाहेर दिसतो. थेरपी आठवड्यातून एक-दोन तास होते, बाकीचा सगळा वेळ मूल घरी असतं. सेशनमध्ये 'भिजलं' हा शब्द घेतला आणि त्याच संध्याकाळी दारात ओली छत्री टेकवताना आजी म्हणाली, "बघ, छत्री भिजली," तर तो शब्द मुलाला खऱ्या कारणासाठी पुन्हा भेटतो. म्हणून थीम निवडताना एकच कसोटी लावा: या आठवड्यात मुलाच्या घरी, गल्लीत, शाळेत ही गोष्ट खरंच घडणार आहे का?

२. सणांच्या ॲक्टिव्हिटी केल्या की मूल लवकर बोलायला लागतं का?

नुसत्या थीमने नाही. आकाशकंदील सुंदर झाला आणि मूल त्या वेळात चारच शब्द बोललं, तर ती हस्तकला झाली. मदत होते ती तोच शब्द, तीच वाक्यरचना वेगवेगळ्या प्रसंगांत पुन्हा पुन्हा ऐकण्याने आणि वापरण्याने. सण त्यासाठी आयते प्रसंग देतो. ते वापरायचे आपल्याला.

३. वर्षाचा आराखडा कसा आखायचा?

शाळा जूनच्या मध्याला उघडतात (विदर्भात उन्हामुळे थोड्या उशिरा), तेव्हा आराखडाही जूनपासून धरा. पाऊस, वारी, श्रावण, पोळा, गणपती, नवरात्र-दसरा, दिवाळी, थंडी आणि नाताळ, संक्रांत, होळी, पाडवा, आंबे असा ओघ आपोआप लागतो. ईद कोणत्या महिन्यात येते ते दरवर्षी पाहून घ्यायचं, कारण हिजरी वर्ष चांद्र असल्याने ती दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येते.

आपले सणही हलतात. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती १४ सप्टेंबरला आहे. मागच्या वर्षीची वही तारखांसकट उतरवून घेतली तर पोळ्याचे बैल भलत्याच आठवड्यात येतील. कालनिर्णय शेजारी ठेवूनच आखा.

एक थीम किमान दोन आठवडे चालू द्या, तीन चालली तर उत्तम. सणाच्या आठवडाभर आधी सुरू करा आणि सण झाल्यावरही आठवडाभर सोडू नका. मला तो नंतरचा आठवडा सगळ्यात मोलाचा वाटतो. आधी आपण मुलाला शब्द देतो, नंतर त्याच्याकडे सांगण्यासारखं काही असतं: कोण आलं होतं, काय पडलं, कोणाला रडू आलं.

मध्ये काही आठवडे मोकळे ठेवा. धाकट्या बहिणीचं बारसं, नवं घर, गल्लीतल्या कुत्रीची पिल्लं हे त्या मुलाचे स्वतःचे सण असतात. ते आले की तुमची थीम बाजूला.

४. एका थीममध्ये किती शब्द घ्यायचे?

शब्दांचे दोन गट करा. पहिला गट वर्षभर बदलत नाही: हवं, नको, दे, अजून, बघ, उघड, थांब, संपलं, आत, बाहेर, वर, खाली. छत्री असो, करंजी असो, पिचकारी असो, हे शब्द सगळीकडे चालतात. दुसरा गट थीमचा. नुकतंच बोलू लागलेल्या मुलासाठी चार-पाच शब्द पुरे, चार-पाच वर्षांच्या मुलासाठी आठ-दहा.

नव्या थेरपिस्टच्या यादीत बहुधा सगळी नामंच असतात: पणती, कंदील, रांगोळी, फटाका. क्रियापदांशिवाय वाक्य उभं राहत नाही. दिवाळीच्या यादीत लाटणं, वळणं, तळणं, लावणं, विझणं हवंच. शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी बारकावे घ्या: रिमझिम आणि मुसळधार, ओलं आणि चिंब, ऊब आणि उकाडा.

५. इंटरनेटवर हंगामी थीमची तयार चित्रं आणि वर्कशीट मिळतात. ती वापरू का?

बघून वापरा. त्यातली बरीचशी परदेशी ऋतूंवर बेतलेली असतात: बर्फाचा माणूस, लाल-पिवळी पानगळ, कोरलेला भोपळा. लातूरच्या मुलाने बर्फ फ्रीजमध्ये आणि गोळेवाल्याच्या गाडीवर पाहिलेला असतो. त्याला बर्फाच्या माणसावर पाच वाक्यं बोलायला लावलं, तर तो भाषेमुळे अडला की अनुभव नसल्यामुळे, हे तुम्हालाच कळणार नाही.

लंडन किंवा न्यू जर्सीतल्या मराठी घरातलं मूल असेल तर उलट. त्याच्यासाठी थंडीतला बर्फ खरा आहे, तो मराठीत बोला: हातमोजे घाल, पाय घसरला, नाक गार पडलं. आणि घरी गणपती बसत असेल तर तोही खरा.

चित्रांपेक्षा वस्तू आधी. पणती, काठी, तांब्या, आंब्याचं पान, मांजा नसलेली पतंगाची फिरकी फुकट किंवा दहा-वीस रुपयांत मिळतात. चित्र वापरायचंच झालं तर मुलाच्या घरच्या गणपतीचा मोबाइलवर काढलेला फोटो छापील कार्डापेक्षा जास्त बोलतं करतो.

६. पावसाळ्यात काय काय करता येतं?

पावसाळा थेरपीसाठी सगळ्यात श्रीमंत ऋतू आहे, कारण त्यात सतत काहीतरी घडत असतं.

छत्रीपासून सुरुवात करा. बंद छत्री हातात धरायची, मुलाकडे बघायचं आणि थांबायचं. मुलाने "उघड" म्हटलं, खूण केली किंवा नुसता आवाज काढला की फट्‌कन उघडायची. मग "आत ये", "बाहेर जा", "मिट". एका छत्रीवर दहा मिनिटं सहज जातात.

दोरी बांधून तिच्यावर मोजे, रुमाल, टोपी वाळत घाला, काही ओले, काही कोरडे. हात लावून सांगायचं: हा रुमाल ओला, ही टोपी ओली, हे फडकं कोरडं. मोठ्या मुलांना कारण विचारा: मोजा का वाळला नाही? रेनकोट घरी राहिला तर काय होईल? 'का' आणि 'तर' यांचा सराव इतक्या सहज दुसऱ्या कुठल्या ऋतूत होत नाही.

कागदाची होडी करायला चार-पाच पायऱ्या असतात, त्यामुळे आधी, मग, नंतर, शेवटी हे शब्द हाताशी येतात. परातीत पाणी घ्या आणि सोडा. फुंकर मारून होडी ढकलायला मुलांना आवडतं, खुशाल मारू द्या. पण फुंकर मारल्याने, शिट्टी वाजवल्याने किंवा जिभेचे व्यायाम केल्याने उच्चार सुधारतात असं समजून त्यावर वेळ घालवू नका. उच्चार सुधारतो तो उच्चारांच्याच सरावाने.

अगदी लहान मुलांसाठी आवाज आहेत: टप टप, धडाम, डराव डराव. शब्द येण्याआधी हे येतात आणि तेही बोलणंच आहे.

पाऊस सगळीकडे सारखा नसतो, हे मात्र लक्षात ठेवा. कोकणात जुलै म्हणजे पागोळ्या आणि बंद शाळा. मराठवाड्यात त्याच जुलैत घरचे आभाळाकडे डोळे लावून बसलेले असू शकतात. तिथल्या मुलाच्या कानावर जे पडतंय ते घ्या: ढग आले, ढग गेले, पाऊस कधी येणार?

७. उच्चारांसाठी शब्द कसे निवडायचे?

थीमपासून ध्वनीकडे जाऊ नका, ध्वनीपासून थीमकडे या. मूल 'क'च्या जागी 'त' म्हणत असेल तर त्याच्या तोंडी 'तंदील', 'तिल्ला', 'तरंजी' असतं. त्याच्यासाठी दिवाळी सोन्यासारखी: कंदील, किल्ला, करंजी सुरुवातीला, चकली आणि फटाके मध्ये.

'ळ'साठी संक्रांत. मराठीत 'ळ' शब्दाच्या सुरुवातीला येतच नाही, म्हणून शेवटच्या आणि मधल्या जागा बघायच्या. गूळ, तीळ, टाळ, नारळ आधी. मग पोळी, होळी, पोळा, रांगोळी. ते जमलं की 'तिळगूळ घ्या, गोड बोला'. त्या दिवशी मूल हे वाक्य घरोघर म्हणतं, इतका नैसर्गिक सराव कुठलाही थेरपिस्ट जुळवून आणू शकत नाही. पण 'ळ' अजून बसला नसेल तर दर घरी उच्चार सुधारत बसू नका. "घ्या" म्हणून लाडू हातात ठेवला तरी संवाद पूर्ण झाला. 'ळ' आणि 'र' उशिरा येणारे ध्वनी आहेत, तीन वर्षांच्या मुलाला त्यासाठी वेठीला धरायचं कारण नाही.

'स'साठी साडी, सोनं, सनई सुरुवातीला. ऊस, पाऊस, कणीस शेवटी.

फराळाच्या ताटात एक खाच आहे. चकलीतला 'च' आणि चिवड्यातला 'च' एकच अक्षर असले तरी ध्वनी दोन आहेत. चकली, चमचा, चांदणी म्हणताना जिभेचं टोक दातांमागे लागतं. चिवडा, चिमणी, चेंडू म्हणताना जीभ टाळूकडे जाते. जांभूळ आणि जिलबीतल्या 'ज'चंही तसंच. सुरुवातीच्या सरावात हे एकत्र केले तर मुलाची जीभ कुठे न्यायची हाच गोंधळ होतो. एक गट पक्का होऊ द्या, मग दुसरा.

आणि मोजा. उच्चारांच्या सेशनमध्ये लक्ष्य ध्वनी निदान पन्नास वेळा, जमल्यास शंभर वेळा यायला हवा. कात्री आणि डिंकात वीस मिनिटं गेली तर ते शक्य नाही. कंदील आधीच कापून आणा. मुलाने दर वेळी शब्द म्हणून एक-एक झिरमिळी चिकटवायची.

८. लिंग, वचन यांत मूल चुकतं. सणांचा तिथे उपयोग होतो का?

खूप होतो, कारण मराठीत क्रियापदही वस्तूप्रमाणे बदलतं. तिन्ही लिंगांची एकेक वस्तू मुद्दाम निवडा. फराळात: लाडू खाल्ला, चकली खाल्ली, कडबोळं खाल्लं. थंडीत: स्वेटर घातला, टोपी घातली, पांघरूण घेतलं. पाडव्याला: तांब्या ठेवला, काठी उभी केली, तोरण बांधलं.

अनेकवचनासाठी पणती-पणत्या, करंजी-करंज्या, पान-पानं, आंबा-आंबे घ्या आणि पतंग, लाडू, मोदक शेवटी ठेवा, कारण त्यांचं रूप बदलत नाही. सुरुवातीलाच ते घेतले तर मुलाला नियम सापडत नाही.

मूल चुकलं तर "चूक, परत म्हण" असं नको. "चकली खाल्ला?" ला "हो, चकली खाल्ली! अजून एक चकली खाल्ली!" असं उत्तर द्या. ते ऐकतं.

९. आमचं मूल अजून एकही शब्द बोलत नाही. त्याच्यासाठी हे सगळं लवकर नाही का?

नाही. बोलण्याआधी देणं-घेणं, बघणं, वाट पाहणं, हवं-नको दाखवणं येतं आणि सणात याच गोष्टी भरपूर असतात. आरतीच्या वेळी हातात टाळ द्या, वाजवता वाजवता थांबा, मुलाने तुमच्याकडे बघितलं की पुन्हा सुरू. दहा वेळा तेच करा.

चित्रफलक किंवा टॅबलेटवरचं बोलणारं ॲप वापरत असाल तर प्रत्येक सणाला नवी पानं भरण्याचा मोह आवरा. पहिल्या गटातले शब्द (प्रश्न ४) आपापल्या जागी कायम ठेवायचे, कारण मुलाचं बोट त्या जागेला सरावलेलं असतं. सणाचे तीन-चार शब्द एका कोपऱ्यात बदलते ठेवा. घरातल्या मोठ्यांनीही बोलताना तीच चित्रं दाखवायची. ज्या फलकावर घरात दुसरं कोणी बोलत नाही, त्यावर मूल तरी का बोलेल?

या चित्रांमुळे मूल आळशी होऊन बोलायचं थांबेल ही भीती मनातून काढून टाका. चित्रं बोलण्याची वाट अडवत नाहीत.

१०. गटात चार मुलं आहेत आणि चौघांची उद्दिष्टं वेगळी. एकच थीम कशी चालेल?

दिवाळीचा किल्ला करा. याहून चांगली गट-ॲक्टिव्हिटी मला माहीत नाही.

जागा नसेल तर मोठ्या परातीत किंवा खोक्याच्या झाकणात करा. दगड-विटा रचायच्या, पोतं टाकायचं, वर मातीचा लेप, मग अळीव किंवा मोहरी पेरायची. एक मूल मातीचं घमेलं धरून बसतं आणि कोणी मागितल्याशिवाय देत नाही, त्यामुळे बाकीच्यांना "माती दे", "अजून दे" म्हणावंच लागतं. 'क'चं उद्दिष्ट असलेल्या मुलाकडे किल्लेदारी: प्रत्येक वेळी "किल्ल्यावर काय ठेवू?" हे त्यानेच विचारायचं. जागा दाखवणारे शब्द शिकणारी मुलगी मावळे मांडते: बुरुजावर, दरवाजाआड, पायऱ्यांच्या खाली, तोफेशेजारी. चौथं मूल चित्रफलकावरून सांगतं, कोणाची पाळी.

किल्ला एका सेशनमध्ये संपवू नका. अळीव तीन-चार दिवसांत उगवतात, त्यामुळे पुढच्या वेळी दार उघडल्याबरोबर मुलं स्वतःहून बोलतात. दर टप्प्याचा फोटो काढा. दिवाळीनंतर तेच फोटो क्रमाने लावून गोष्ट सांगायची. कोणाचा बुरुज ढासळला असेल तर फारच छान, गोष्टीला अडचण लागतेच.

११. मूल उत्तरं देतं, पण स्वतः प्रश्न कधीच विचारत नाही. काय करावं?

भोंडल्याची खिरापत. झाकलेला डबा मधे ठेवायचा आणि आत काय आहे ते मुलांनी विचारून ओळखायचं. गोड की तिखट? गोल आहे का? तळलेलं आहे का? ज्या मुलाला प्रश्न बांधता येत नाही त्याला तीन-चार चित्रकार्डं द्या: चव, रंग, आकार. त्याने कार्ड दाखवलं की आपण प्रश्न म्हणायचा आणि त्याने मागोमाग म्हणायचा.

पुढची पायरी अवघड आहे. मूल स्वतः घरून डबा आणतं, बाकीचे विचारतात आणि त्याने पटकन सांगून टाकायचं नाही. आपल्याला माहीत आहे ते समोरच्याला माहीत नाही, हे समजण्याचा हा अस्सल सराव आहे. विदर्भात, खानदेशात भुलाबाईला हाच खेळ होतो, तेव्हा तिथल्या मुलांसाठी तेच नाव वापरा.

१२. सेशनमध्ये खाऊ वापरावा का?

पालकांना विचारल्याशिवाय कधीच नाही. शेंगदाणे, तीळ, काजू, दूध यांची ॲलर्जी असू शकते. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे, काटेरी हलवा, बियांसकट बोरं, अख्खी द्राक्षं देऊ नका, श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो. बोरन्हाणाचं नाटक खोलीत करायचं असेल तर चुरमुरे आणि कापडी गोळे घ्या आणि नंतर जमीन नीट झाडा. ज्या मुलाला गिळायला त्रास होतो, त्याला गिळण्याचं काम पाहणाऱ्या थेरपिस्टने ठरवलेलं सोडून काहीही नको, अगदी प्रसादही.

अजून एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. दिवाळीत मिळणाऱ्या चमकत्या प्लॅस्टिकच्या पणत्यांत बटणासारखी चपटी बॅटरी असते. ती मुलाने गिळली तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. अशा पणत्या मुलांच्या हातात द्यायच्याच नाहीत. गिळल्याची नुसती शंका आली तरी तडक हॉस्पिटल गाठायचं.

१३. मुलाला ढोल, फटाके, गर्दी सहन होत नाही. स्वमग्नता (ऑटिझम) आहे. सणाची थीम घ्यावी का?

घ्या, पण थीम म्हणजे तयारी असं समजा. मिरवणुकीत काय होणार ते आधी फोटोंतून क्रमाने सांगा: आपण गच्चीत उभे राहू, ढोल वाजेल, मी कानावर हात ठेवेन, नको वाटलं तर आत येऊ. 'नको', 'बंद', 'आत जाऊया' हे शब्द, खूण किंवा चित्र त्या दिवसाआधी पक्के व्हायला हवेत. मला 'मोदक' हा शब्द येण्यापेक्षा हे जास्त महत्त्वाचं वाटतं.

आवाज ऐकवून सवय लावण्याचा प्रयोग मनाने करू नका. शाडूची माती, गुलाल, ओला रंग यांचा स्पर्शही काहींना असह्य होतो. चमचा, पिशवी, हातमोजे ठेवा आणि नुसतं बघत बसायचीही मुभा द्या.

१४. मूल श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने बसवलेलं ऐकण्याचं यंत्र) वापरतं. कोणती काळजी घ्यायची?

पावसाळ्यात दमटपणा हा यंत्राचा शत्रू. रात्री ते सिलिका जेलच्या डबीत ठेवा आणि सेशन सुरू करण्याआधी चालतंय ना ते रोज तपासा. परातीतल्या होडीचा खेळ मोठ्या ताटलीत, कमी पाण्यात करा. रंगपंचमीला यंत्र काढून ठेवावं लागतं आणि मग मूल ऐकू शकत नाही, म्हणून 'थांब', 'ये', 'पुरे' यांच्या हातखुणा आठवडाभर आधी ठरवून घ्या.

ज्यांच्या कानात काही दोष नाही अशा मुलांनाही पावसात सर्दीमुळे पडद्यामागे पाणी साचून काही आठवडे कमी ऐकू येऊ शकतं. बोलणं अचानक अस्पष्ट झालं, "काय? काय?" वाढलं, टीव्हीचा आवाज वाढला, तर थीम बदलण्याआधी कान तपासून घ्या.

१५. मुलगा अडखळत बोलतो. सोसायटीच्या गणपतीत त्याला स्टेजवर बोलायला लावावं का?

त्याला विचारा आणि त्याचं उत्तर मान्य करा. बोलायचं म्हणाला तर सेशनमध्ये तेच बोलणं घ्या, त्याच्या शब्दांत, माइक हातात धरून. तालात किंवा सगळ्यांबरोबर म्हणताना बरीच मुलं कमी अडखळतात, त्यामुळे समूहात म्हणणं ही चांगली सुरुवात. नको म्हणाला तर पडदा ओढायचं काम द्या. "हळू बोल", "श्वास घे", "आधी विचार कर" हे कोणीच म्हणायचं नाही, आजोबांनीसुद्धा. त्याचं वाक्य त्यालाच पूर्ण करू द्यायचं.

१६. आमच्याकडे वेगवेगळ्या धर्मांची मुलं येतात. काही घरांत सण करत नाहीत. मग?

ऋतू सगळ्यांचा असतो. पाऊस, थंडी, आंबे, कलिंगड, शाळेचा पहिला दिवस यांवर अख्खं वर्ष निघू शकतं. सणाची थीम घ्यायची तर त्या मुलाच्या घरचा सण घ्या: शीरखुर्मा ढवळणं, नाताळची चांदणी टांगणं, गोव्यातल्या घरात नेवऱ्या भरणं.

घरात त्या वर्षी कोणी गेलं असेल तर सण साधेपणाने होतो किंवा होतच नाही. आजोबा गेलेल्या घरातल्या मुलापुढे "तुमच्याकडे काय केलं दिवाळीला?" हा प्रश्न नकळत ठेवला जातो. दर थीमआधी पालकांना एक मेसेज करा: या वर्षी घरी काय करणार आहात?

१७. घरी अहिराणी बोलतो, शाळा इंग्रजी माध्यमाची. थीमचे शब्द कोणत्या भाषेत घ्यायचे?

घरचे मुलाशी ज्या भाषेत मनापासून बोलतात, त्या भाषेत. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, कोकणी या पुऱ्या भाषा आहेत, त्या सुधारायच्या नसतात. दोन भाषांमुळे मुलाचं बोलणं लांबत नाही. थेरपिस्टला ती बोली येत नसेल तर आजीकडून शब्द विचारून वहीत लिहून घ्यावेत. शाळेत पावसावर धडा असेल तर त्यातले दोन-तीन इंग्रजी शब्द शाळेसाठी म्हणून जोडा.

१८. मुलीला वर्षभर फक्त गणपतीच हवा असतो. थीम पुढे सरकतच नाही.

मग गणपतीलाच ऋतूंतून फिरवा. थंडीत त्याला मफलर, पावसात छत्री, मे महिन्यात उंदीरमामा आंबा पळवतो. शब्द आणि रचना बदलत राहिल्या तर पात्र तेच असायला हरकत नाही. काही आठवड्यांनी एक नवी वस्तू त्याच्या शेजारी ठेवा आणि ती कधी उचलते याची वाट बघा.

१९. सेशनमध्ये शब्द म्हणतो, घरी नाही. प्रगती मोजायची कशी?

थीममध्ये न घेतलेल्या शब्दांवर मोजा. दिवाळीत 'कंदील, किल्ला' बरोबर आले, आता 'कप, काका, काकडी' येतात का ते बघा. येत असतील तर ध्वनी शिकला, नसतील तर दोन शब्द पाठ झाले. व्याकरणाचंही तसंच.

घरी म्हणत नसेल तर घरच्यांना यादी देऊ नका, प्रसंग द्या: "फराळाचा डबा वरच्या फळीवर ठेवा आणि तिने मागेपर्यंत थांबा." आणि सेशन संपल्यावर दोन मिनिटं काढून सांगा, आज खेळातून नेमकं काय घेतलं. "नुसतं खेळवतात" ही तक्रार बहुधा हे न सांगितल्यामुळे येते.

२०. मे महिन्यात गावी जातोय. सेशन बुडतील, शिकलेलं विसरेल का?

गाव ही मोठी थीम आहे. रोज एक फोटो काढा आणि रात्री त्यावर बोला: आज कुठे गेलो, कोण भेटलं, काय खाल्लं. विहीर, गोठा, पाडाचा आंबा, आढीतला आंबा हे शब्द तिथेच मिळतील. वर्कशीटचा गठ्ठा नेऊ नका. उच्चारांची थेरपी चालू असेल तर थेरपिस्टने दिलेले पाच-सहा शब्द रोज पाच मिनिटं, एवढं पुरे. परतल्यावर पहिलं सेशन त्या फोटोंचं.

२१. थीम कधी वापरूच नये?

पहिल्या तपासणीच्या वेळी, कारण तेव्हा मुलाला मुळात काय येतं ते बघायचं असतं. काही मुलांना ओठ-जिभेच्या हालचालींची जुळणी करणंच अवघड जातं. त्यांना थोडेच शब्द असंख्य वेळा म्हणावे लागतात. दर पंधरवड्याला यादी बदलली तर त्यांचं नुकसान होतं. त्यांचे शब्द तेच ठेवा, भोवतालचा खेळ बदला. आणि मूल कशाला घाबरत असेल, तर ती गोष्ट खेळायचं सामान होऊ शकत नाही (प्रश्न १३).

२२. जवळपास थेरपिस्ट नाही. हे सगळं घरीच केलं तर चालेल का?

बोलणं, खेळणं, वाट पाहणं हे घरी नक्की करा. पण तपासणीला पर्याय नाही. दीड वर्षाचं होऊनही एकही शब्द नाही, दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडत नाही, नावाने हाक मारली तर वळत नाही, किंवा येत असलेले शब्द कुठल्याही वयात गेले, तर थांबू नका. सगळ्यात आधी श्रवणतपासणी, कितीही "ऐकू येतं त्याला" असं वाटत असलं तरी.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी होते. त्यांचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा येतं. पुढचे उपचार जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात. अंगणवाडीताईंना किंवा आशाताईंना विचारा, त्या पत्ता सांगतील. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् आणि श्रवण संस्था आहे. खासगी थेरपिस्टकडे जाताना त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का ते विचारा. हा प्रश्न विचारण्यात संकोच नको, नोंदणी असलेले थेरपिस्ट क्रमांक लगेच देतात. पहिल्या भेटीला जाताना मुलाचा घरातला, खेळतानाचा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ मोबाइलवर न्या. अनोळखी खोलीत मुलं गप्प बसतात.